उघडलेलं बरज

मे महिन्यातल्या त्या मंगळवारी सकाळी पंचायतीची रिक्षा कर्णा लावून गावात शिरली, तेव्हा हाडिबंधू जेना तळ्यात गळ्यापर्यंत पाण्यात उभा होता. बरजात, म्हणजे पानवेलीच्या झाकलेल्या मांडवात, पाऊल टाकायचं तर आधी अंघोळ, मग ओल्या अंगानं अनवाणी आत, हा नेम त्याच्या आजोबांपासूनचा. पानवेलीला माणसाचा मळ सोसत नाही असं त्या किनाऱ्यावर सगळेच मानत. हाडिबंधू तर बायकोशी भांडण झालं तरी एक बुडी जास्त मारून मग आत जाई.

कर्ण्यातला माणूस हातातला कागद सर्कशीची जाहिरात करावी तशा सुरात वाचत होता. बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याचं उद्यापर्यंत चक्रीवादळ होईल. गुरुवारी संध्याकाळपर्यंत ते आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्याला धडकेल. वाऱ्याचा वेग ताशी एकशे वीस किलोमीटर राहील. कोळ्यांनी होड्या वर ओढून घ्याव्यात, कच्च्या घरातल्या लोकांनी गुरुवारी दुपारी शाळेच्या पक्क्या इमारतीत यावं, बरोबर पोहे-गूळ, पाणी आणि कागदपत्रं ठेवावीत. हे दोनदा वाचून रिक्षा पुढच्या वस्तीकडं गेली.

हाडिबंधू काठावर येऊन पंचा पिळत होता, तोवर त्याचा थोरला भाऊ कृतिवास काठी टेकत टेकत तळ्यावर आला. कृतिवासला सगळं गाव नना, म्हणजे थोरला भाऊ, म्हणे. वय सत्तरीच्या पुढं, बायको नव्व्याण्णवच्या मोठ्या वादळात पाण्याबरोबर गेलेली, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ आणि बरज एवढाच त्याचा संसार. बरज बांधण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या चार गावांत कुणी नव्हता. कुठलं बरज कुठल्या अंगानं झुकेल, छपरावर पेंढा किती पातळ टाकला म्हणजे आत ऊन न पडता उजेड पडेल, हे विचारायला लोक त्याला सायकलवर बसवून घेऊन जात.

"उघडू या," नना म्हणाला.

हाडिबंधूनं मान हलवली. त्याला वाटलं होतंच, नना हेच म्हणणार.

दोन वर्षांपूर्वी असाच कर्णा ओरडत गेला होता. तेव्हा ननानं असंच उघडू या म्हटलं होतं आणि हाडिबंधूनं वाद घातला होता. रेडिओवर सांगितलंय, वादळ दक्षिणेला वळण्याची शक्यता आहे, उगाच छप्पर काढून वेली उन्हात का घालायच्या, असं तो तावातावानं बोलला होता. ननानं ऐकलं. वादळ वळलं नाही. बंद बरजाच्या भिंतींना वाऱ्यानं शिडासारखं धरलं आणि सगळा सांगाडा मुळासकट उपटून आडवा केला. नना त्या वेळी आत होता, मधला खांब मिठी मारून धरून. कमरेवर आडवा बांबू पडला. तीन महिने तो कटकच्या सरकारी दवाखान्यात होता, तिथून आला तो काठी घेऊनच. त्यावरून तो एक शब्द बोलला नाही. पण त्या दिवसापासून हाडिबंधूनं वाऱ्यापावसाच्या बाबतीत तोंड उघडलं नव्हतं. आभाळ भरून आलं तरी तो नना काय म्हणतो याची वाट बघत बसे. नवा वेल लावून उभा करायला दोन वर्षं गेली होती आणि आता कुठं पानं हाताला भरायला लागली होती.

बरज पाच गुंठ्यांचं. बांबूचा आणि सुपारीच्या फळ्यांचा सांगाडा, वर गवताचं आणि पेंढ्याचं पातळ छप्पर, चारी बाजूंनी नारळाच्या झावळ्यांच्या भिंती. मे महिन्यातही आत शिरलं की गार ओलसर अंधार अंगाला लागे. रांगेनं दोन हजार वेली उभ्या होत्या, एकेक वेल काठीला सहा सहा ठिकाणी गवताच्या पात्यानं बांधलेला. उघडायचं म्हणजे छप्पर उतरवायचं, भिंती सोडायच्या, मग एकेक गाठ सोडून वेल खाली उतरवायचा, त्याचं वेटोळं बुंध्याशी मातीवर निजवायचं आणि वर ओला पेंढा घालायचा. मग वारा रिकाम्या सांगाड्यातून निघून जातो, वेल वाचतो. वादळ सरलं की दुसऱ्या दिवशी ढगाळ हवेत वेल पुन्हा उभा करायचा आणि आठ-दहा दिवसांत छप्पर घालायचं. ढग तेवढे दिवस राहतात, हा त्यातला हिशोब.

मंगळवारी दुपारपासून दोघांनी हात घातला. मजूर मिळण्याची सोय नव्हती, जो तो आपली होडी नि घर आवरत होता. शेजारचा भ्रमरवर स्वाईं कुंपणावरून रडगाणं गात होता. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले होते, जावई वेळेवर येणार नव्हते, त्याचं बरज कोण उघडणार? "हाडू, अर्धा दिवस तरी ये रे," तो म्हणाला. हाडिबंधूनं आपल्याच छपराकडं बोट दाखवलं. भ्रमर शिव्या देत घरात गेला आणि देवावर भरवसा टाकून आडवा झाला.

नना कमरेचं दुखणं विसरून शिडीवर चढला होता. विळ्यानं काथ्या कापायचा आणि छपराचा एकेक पट्टा खाली सोडायचा. दोन वर्षांचा वाळलेला पेंढा हात लावला की मोडत होता, खाली पडेपर्यंत त्याचा भुगा होत होता. हाडिबंधूची बायको कुंतला बाहेर उभी राहून पडलेला पेंढा गोळा करी आणि पाटीतून नेऊन ढीग घाली. बाई म्हणून तिला आत यायची बंदी होती, आणि नना समोर आहे म्हटल्यावर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत. सत्तावीस वर्षं ती त्या घरात नांदत होती, पण थोरल्या दिराशी एक शब्द बोलली नव्हती. तिकडची रीतच तशी. ननाला जेवायला बोलवायचं असलं की ती वासराला सांगे, पखाळ, पाण्यातला भात, वाढून ठेवलाय बरं का, आणि नना उठून हात धुई. नना पण तिच्याशी थेट बोलत नसे. मीठ कमी असलं तर तो खांबाला सांगे.

बुधवारी दुपारपर्यंत पूर्वेकडचं अर्धं छप्पर निघालं. उघड्या भागात पहिल्यांदाच ऊन पडलं होतं आणि तिथल्या वेली लाजल्यासारख्या दिसत होत्या. पश्चिमेचा अर्धा भाग अजून झाकलेला होता. नना म्हणाला, पाणी आण, घसा सुकला, आणि मग उरलेलंही घेऊन टाकू.

हाडिबंधू घागर घेऊन तळ्यावर गेला. कुंतला तिथं भांडी घासत बसली होती आणि तिचा जुना रेडिओ काठावरच्या दगडावर चालू होता. बातम्या संपून हवामानाचं निवेदन लागलं. बाई सावकाश, एकेक शब्द मोजून बोलत होती. चक्रीवादळ सध्या अमुक ठिकाणी आहे, ताकद वाढली आहे. मात्र गेल्या सहा तासांत त्यानं दिशा बदलायला सुरुवात केली असून उद्या ते उत्तर-ईशान्येकडं वळण्याची शक्यता आहे. तसं झाल्यास ते शेजारच्या देशाच्या किनाऱ्याला जाईल. आपल्या किनारी जिल्ह्यांत फारसा पाऊस होणार नाही. उलट शुक्रवारपासून जमिनीवरचे कोरडे वारे सुटतील आणि दिवसाचं तापमान चार-पाच अंशांनी वाढेल.

कुंतलाचे हात राखेच्या पातेल्यात थांबले. "ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग थांबवा की तिकडं. अर्धं तरी राहील."

हाडिबंधूनं घागर बुडवली. पाणी आत शिरेपर्यंत तो तिच्याकडं बघत राहिला. "शक्यता आहे म्हणाली ती," तो म्हणाला. "तेव्हाही शक्यताच म्हणाली होती."

"तेव्हाचं तेव्हा. जे ऐकलं ते सांगायचं, ठरवतील ते. मला त्यांच्याशी बोलता येत नाही, नाहीतर मीच गेले असते."

तो घागर खांद्यावर घेऊन निघाला. बरजापर्यंतची वाट दोनशे पावलांची. पहिली शंभर पावलं तो सांगायचं ठरवूनच चालला होता. कसं सांगायचं तेही त्यानं जुळवलं, नना, रेडिओवर असं असं म्हणतायत, बघ बाबा, तू म्हणशील तसं. मग त्याला शिडीवरचा नना दिसला. एक पाय वरच्या पायरीवर आणि दुसरा, दुखरा पाय हातानं उचलून वर ठेवत होता. पाठीवरचा घाम कमरेच्या वाकड्या हाडापर्यंत ओघळत होता. त्यानं सांगितलं आणि नना थांबला, आणि वादळ पुन्हा आलं तर? ननाचं दुसरं हाड मोडायला आपलंच तोंड कारण व्हायचं. त्यापेक्षा न बोललेलं बरं. आणि खरं सांगायचं तर, या खेपेला चुकलं तर ते आपल्या माथी येणार नाही, हाही विचार त्याच्या मनाला शिवून गेला. तो त्यानं झटकला, पण शिवला होता.

नना वरूनच पाणी प्यायला. उरलेलं डोक्यावर ओतून घेतलं. "काय सांगतायत?" त्यानं विचारलं. "रेडिओ वाजत होता ना तिकडं?"

"तेच," हाडिबंधू म्हणाला. "ताकद वाढलीय."

"मग हात चालव."

हाडिबंधूचा हात चालेना. तो काथ्या कापायचा, थांबायचा, पट्टा खाली सोडायच्या ऐवजी धरून उभा राहायचा. ननानं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा शिवी हासडली. बाईसारखा काय रेंगाळतोस, तुझ्या मनात नसेल तर सरळ घरी जा, मी एकटा घेतो. मग हाडिबंधूनं विळा भराभर चालवला. दिवस मावळायच्या आत पश्चिमेचंही छप्पर खाली आलं. झाकणाखालचा तो गार अंधार, ज्यात तो दहा वर्षांचा असल्यापासून वावरत होता, कुठं गेला ते कळलंही नाही. सगळीकडं बांबू आणि आभाळ.

गुरुवारी पहाटेपासून दोघांनी वेली उतरवल्या. दोन हजार वेलींच्या बारा हजार गाठी. नना बसूनच एका वाफ्यावरून दुसऱ्या वाफ्यावर सरकत होता. तो वेल निजवताना त्याच्याशी काहीबाही बोलायचा, हं, पड आता, एका रात्रीचं काम आहे, असं. दुपारी पंचायतीचा चौकीदार येऊन दटावून गेला, तेव्हा ते उठले आणि शाळेत गेले.

शाळेच्या पक्क्या इमारतीत पाचशे माणसं. बकऱ्या, गाठोडी, रडणारी पोरं, आणि संडासापुढं रांग. वारा संध्याकाळी थोडा वाढला, खिडकीचं एक दार दोनदा आपटलं, लोक गप्प झाले. मग तेवढंच. सकाळी दार उघडलं तर बाहेर धुतल्यासारखं निळं आभाळ. कुणीतरी हसलं आणि सगळेच हसायला लागले. बायका देवाचं नाव घेत होत्या, पुरुष सरकारला शिव्या देत होते, एका रात्रीसाठी एवढा तमाशा केला म्हणून. वादळ वाटेतच वळून दुसऱ्यांच्या घरांवर गेलं होतं. हाडिबंधूनं ननाकडं बघितलं. नना हसत नव्हता. तो तोंड वर करून पश्चिमेकडून येणारा वारा अंगावर घेत होता.

"कोरडा आहे," तो म्हणाला.

तिथून पुढचे तीन दिवस त्या घरानं जे केलं ते कुणी बघितलं असतं तर वेड्यांत काढलं असतं. समुद्रावरचे सगळे ढग वादळानं ओढून नेले होते आणि जमिनीवरचा वारा भट्टीतून यावा तसा येत होता. छप्पर घालायला पेंढा नव्हता, उतरवलेल्याचा भुगा झाला होता, भिंतींच्या वाळक्या झावळ्याही सोडताना मोडल्या होत्या. बाजारात पेंढा मिळायला दोन-तीन दिवस, घालायला आठवडा. मग त्यांनी घरातलं सगळं बरजात नेलं. चटया, गोधड्या, मच्छरदाणी, कुंतलाच्या सगळ्या साड्या, तिची लग्नातली संबलपुरीसुद्धा. बांबूंवर ते अंथरलं, बांधलं. वारा यायचा आणि सोडवून न्यायचा, ते पुन्हा बांधायचे. सगळं मिळून एक गुंठाही झाकेना. बाकीच्या वेली पेंढ्याच्या भुग्याखाली निजलेल्या, आणि त्या भुग्यात हात घातला तर चटका बसायचा.

पाणी घालायला दोघांचे हात पुरेनात. शनिवारी भर उन्हात नना बरजाच्या मधोमध उभा राहिला आणि खांबाला म्हणाला, "आत यायला सांग तिला. आता कसला मळ पाहतोस."

कुंतला तळ्यात बुडी मारून, डोक्यावर पदर घेऊन, दोन घागरी घेऊन आत आली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. ती ननाकडं पाठ करून चालायची, पाणी ओतायची, पाठ करूनच बाहेर जायची. संध्याकाळपर्यंत तिनं शंभरावर खेपा केल्या. तिच्या पायांचे तळवे फोडांनी भरले. तळ्यातलं पाणीच कोमट झालं होतं, ते वेलीवर पडलं की वास यायचा, भाजी उकळल्याचा. पानांची आधी चमक गेली, मग कडा पिवळ्या पडल्या, मग ती काळी होऊन देठापासून गळायला लागली. त्या दिवशी तापमान त्रेचाळीसवर गेल्याचं रेडिओवर सांगितलं. कुंतलानं रेडिओ बंद केला.

सोमवारी नना वाफ्यावर बसला. त्यानं एक वेल उचलला आणि नखानं साल खरवडली. आत हिरवं असतं तर वेल जिवंत. आत तपकिरी होतं. त्यानं पुढचा उचलला. हाडिबंधू म्हणाला, राहू दे नना. नना ऐकेना. पहिल्या वाफ्यापासून शेवटच्या वाफ्यापर्यंत तो सरकत गेला, दुपार झाली, संध्याकाळ झाली, त्याच्या अंगठ्याच्या नखातून रक्त आलं, तरी तो एकेक वेल खरवडून बघत राहिला. साड्यांच्या सावलीतलेही गेले होते. कुंपणापलीकडं भ्रमरच्या बंद बरजात आडव्या झावळ्यांच्या फटींतून हिरवी पानं दिसत होती.

पंचनाम्याला कुणी आलं नाही. येणार कशाला? वादळ झालेलं नव्हतं. हाडिबंधू तालुक्याला जाऊन आला. तिथल्या कारकुनानं अर्ज नीट वाचला, माणूस वाईट नव्हता. त्यानं विचारलं, वाऱ्यानं पाडलं का? नाही. पाणी शिरलं? नाही. मग छप्पर कुणी काढलं? आम्हीच. कारकुनानं अर्ज परत त्याच्या हातात दिला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

हाडिबंधू मजुरीला जाऊ लागला. भ्रमरच्याच बरजात, पानं खुडायला. भ्रमर आता शहाणा झाला होता. हर्नियापायी ज्याला हलता आलं नव्हतं तो चहाच्या टपरीवर सांगायचा, मला आतून वाटतच होतं की हे येत नाही. लोक ऐकायचे. आणि ननाची नक्कल करायचे. कुणीतरी काठी टेकत वाकडा चाले आणि घोगऱ्या आवाजात म्हणे, उघडू या, आणि टपरी हसायची. म्हातारा मागल्या खेपेला हाड मोडून घाबरला, वाऱ्याची झुळूक आली तरी बरज उघडायला निघतो. पैलगावचा एकजण नवं बरज घालत होता, त्यानं आखणी करायला ननाला बोलावलं नाही, दुसऱ्याच कुणाला नेलं. हाडिबंधू बाकावर बसून हे ऐकायचा. तोंडापर्यंत शब्द यायचे, त्याला काही बोलू नका, मला ठाऊक होतं. ते तो चहाबरोबर गिळायचा.

नना घरात कमी बोलायला लागला. खांबाला मीठ कमी आहे असंही सांगेना. पखाळ पुढं आला की थोडा खाई, बाकी तसाच ठेवी. एकदा तो हाडिबंधूला म्हणाला, "तू तेव्हा बरोबर होतास. मागल्या खेपेला."

"मागल्या खेपेला वादळ आलं होतं, नना."

"आलं. पण तू बोललास तरी. मी तुझं तोंडच बंद करून टाकलं."

हाडिबंधू उठून गोठ्यात गेला आणि वासराच्या अंगावर हात फिरवू लागला. कुंतला त्याच्या मागून आली. तिनं हलक्या आवाजात विचारलं, अजून किती दिवस लपवणार? तो म्हणाला, आता सांगून वेल उभा राहणार आहे का? ती म्हणाली, वेलाचं मी बोलतच नाही.

आषाढ निम्मा सरला तशी लावणीची वेळ आली. वेल त्या गावात विकत मिळत नाही. ज्याचा गेला त्यानं अंघोळ करून दुसऱ्याच्या बरजाच्या दाराशी जायचं. घरातल्या सगळ्यांत मोठ्या पुरुषानं आपला वेल कशानं गेला ते मोठ्यानं सांगायचं आणि पाटी पुढं करायची. ज्याचा वेल रोगानं कुजून गेला त्याला कुणी रोप देत नाही, म्हणून हा रिवाज पडला असावा. पण पुढं त्यात भर पडत गेली, आणि दाराशी खोटं बोललेल्याचा वेल धरत नाही असं आता म्हातारेकोतारे सांगत. जवळपास सगळ्यांत जोमदार वेल भ्रमरकडंच होता. नना अंघोळ करून पुढं झाला आणि हाडिबंधू मागून पाटी घेऊन निघाला तेव्हा कुंतला उंबऱ्यात आडवी उभी होती.

"आज सांगा," ती म्हणाली. "तिथं तर सांगावंच लागतं."

भ्रमरचे दोन जावई त्या दिवशी सासुरवाडीला आलेले होते. तेही दाराशी येऊन उभे राहिले, गंमत बघायला. भ्रमर म्हणाला, "नना, तुम्ही कशाला सांगता, सगळ्या गावाला ठाऊक आहे." मग थांबून म्हणाला, "पण रिवाज आहे. सांगा."

ननानं दोन्ही हात काठीवर ठेवले. अंगावरून पाणी निथळत होतं, छातीच्या फासळ्या मोजता येत होत्या. "वेल रोगानं गेला नाही," तो म्हणाला. "कुजला नाही, पाण्यानंही गेला नाही. मी उघडायला लावलं. भावाच्या मनात नव्हतं. त्याचा हात रेंगाळत होता, ते मला दिसत होतं. मी त्याला शिव्या दिल्या आणि उघडून घेतलं. दोष माझा एकट्याचा."

धाकट्या जावयानं तोंड फिरवून हसू दाबलं. भ्रमर मात्र हसला नाही. रिवाजाप्रमाणं त्यानं हाडिबंधूकडं बघून विचारलं, "घरातल्या आणखी कुणाला काही सांगायचंय?"

हाडिबंधूच्या हातातली पाटी जड झाली. तळ्याकाठचा दगड, राखेत थांबलेले कुंतलाचे हात, ती बाई सावकाश एकेक शब्द मोजून बोलणारी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं. चार शब्दांचं काम होतं. जावई बघत होते. उद्या टपरीवर काठी टाकून देऊन लोक दुसरीच नक्कल सुरू करतील, हे त्याला लख्ख दिसलं. आणि ननाची मान त्याच्याकडं वळलेली होती, लहानपणी शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा वळली होती तशीच, मायेनं.

"नाही," तो म्हणाला.

भ्रमरनं पाटी भरून वेलाच्या कांड्या दिल्या.

घरी आले तेव्हा कुंतला दारात होती. तिनं नवऱ्याचा चेहरा बघितला आणि घागर उचलून तळ्याकडं गेली.

नवं छप्पर पातळ बसलं होतं, त्यातून पावसाचा उजेड वाफ्यांवर उतरत होता. पहिली कांडी घरातल्या मोठ्यानं लावायची. नना वाफ्याच्या तोंडाशी बसला, त्यानं पाटीतली एक चांगली कांडी निवडली, तिचे डोळे अंगठ्यानं चाचपले, आणि ती हाडिबंधूपुढं धरली.

"तू लाव. माझा हात नको लागायला."

"नना, तसं काही नसतं."

"लाव म्हणतो ना. आता वाऱ्यापावसाचं पण तूच ठरवायचं, मला विचारायचं नाही. मी खरं सांगून आलोय, धरेल वेल."

हाडिबंधूनं बोटानं मातीत भोक पाडलं, कांडी दोन डोळे आत जातील अशी घातली आणि माती दाबली. नना काठीवर रेटा देऊन उठला. वाफ्यांमधून वाकून वाकून दाराशी गेला आणि बाहेर जाऊन बसला, दाराकडं पाठ करून. हाडिबंधूनं दोनदा हाक मारली, पण तो आत आला नाही. मग हाडिबंधू एकटाच रांग लावत निघाला. तो एक कांडी लावायचा, की बाहेरून आवाज यायचा, "नीट दाबलंस?" आणि तो म्हणायचा, "दाबलं." त्या दिवशी त्यानं चारशे कांड्या लावल्या. नना प्रत्येक कांडीला विचारत होता.